दिवे लागल्यावर दिलेलं विरजण

आमचे हे सोलापुरात दवाखान्याच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचे आणि घरी आले की तोंडाला कुलूप. जेवताना "मीठ" म्हणाले, तर तेवढंच बोलणं. मी वैरागकडची शेतकऱ्याची पोर. मला वाटायचं, शिकलेली माणसं अशीच असतात.

मग मुंबईहून ह्यांच्या प्रयोगशाळेत ती आली. दूध कशानं आंबतं याचा अभ्यास करणारी, चष्मेवाली, बिनलग्नाची. संध्याकाळी चहाला आमच्याकडे यायची आणि ह्यांचं कुलूप खाडकन उघडायचं. हात हलवत बोलायचे, हसायचेसुद्धा. मी आतल्या दारापाशी कप घेऊन उभी, आणि चहावर साय धरायची. मला ती वहिनी म्हणायची. वहिनी म्हणाली म्हणून कुणी नणंद होत नाही.

त्यांच्या बोलण्यात सारखे जंतू यायचे. जंतू मला ठाऊक होते. उंदीर पडले की प्लेगचे जंतू, मग आमची सगळी पेठ माळावर झोपड्या घालून राहायची. पटकीचे जंतू पाण्यात, म्हणून हे पाणी उकळायला लावायचे. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, तुमच्या माहेरच्या विरजणातले जंतू बघायचेत, थोडं द्याल का?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचं बोलणं नेलं ते नेलं, आता माझ्या चुलीपाशी घाण शोधणार! ते विरजण आईनं बांधून दिलेलं, मी माहेराहून आणलेलं. रोजच्या दह्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवशीच्या दुधाला, असं कधी खंड न पडता चाललेलं.

"दिवं लागल्यावर इरजण देत न्हाईत आमच्यात," मी म्हणाले.

हे ओशाळं हसले. ती म्हणाली, बरं, उद्या दुपारी येते.

सकाळी मी घरातलं होतं नव्हतं तेवढं दही चुलीवर ठेवून चांगलं खदखदवलं. फुटलं, ते रवीनं घुसळून सारखं केलं. बघ म्हटलं आता, एक जंतू सापडतो का. दुपारी वाटीभर तिच्या हातात दिलं, वर हसूनही दाखवलं. उरलेल्यातलं नेहमीसारखं रात्रीच्या दुधाला लावलं.

दुसऱ्या दिवशी माझं दूध तसंच पातळ. शेजारणीकडं विरजण मागायला मान वाकेना. संध्याकाळी ती ह्यांच्याबरोबर आली ती सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.

"वहिनी, दही तापवलंत का?"

"व्हय. जंतू मारले की."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. सगळे जंतू रोगाचे नसतात, ती सावकाश म्हणाली. दुधाचं दही करतात तेही जंतूच, ते मेले तर दही लागायचं कसं? आईनं तुम्हाला तेच तर बांधून दिले होते. मग पिशवीतून बूच लावलेली छोटी बाटली काढली.

"परवा संध्याकाळी डॉक्टरांनी चमचाभर दिलं होतं, ते मी दुधात घालून वाढवलंय. तुमचंच आहे, घ्या."

हे भिंतीवरच्या पंचांगाकडे बघत उभे राहिले. ज्या माणसाला माझ्या स्वयंपाकघरात कधी मिठाचा डबा सापडला नाही, त्याला विरजणाचं भांडं अंधारात बरोबर सापडलं होतं. तेही दिवे लागल्यावर. मला कळू न देता.

बाटली घेतली मी. न घेऊन सांगते कुणाला? दूध कोमट करून लावलं. सकाळी दही लागलं होतं, सुरी लावली तर वडी पडेल असं.

ह्यांनी ते भाकरीशी खाल्लं. मग हात थांबवून म्हणाले, "आज दही काय सुरेख झालंय."

लग्न झाल्यापासून माझ्या दह्याला ह्यांनी चांगलं म्हटलेलं मी प्रथमच ऐकत होते. विरजण माझ्या माहेरचं, दूध मीच तापवलेलं, आणि कौतुक निघालं ते तिच्या बाटलीतून आल्यावर. त्यांनी आणखी मागितलं. संपलं, असं सांगून मी भरलेलं भांडं आत नेऊन ठेवलं.