पहिबचा हात

मेम्फिसच्या पश्चिमेला, वाळूच्या पठारावर, थोथ देवाचे शराटी पक्षी जिथे पुरले जात त्या भुयाराच्या तोंडाशी पहिब चाळीस वर्षं बसत आला होता. त्याचं काम एका शब्दाचं. पट्ट्यांत गुंडाळलेलं गाठोडं दोन्ही तळव्यांवर घ्यायचं, जरासं खालीवर करायचं आणि म्हणायचं, "एक." म्हणजे आत एक पक्षी आहे, थोथ देवाचा एक जीव आहे, घाला मडक्यात. एका मडक्यात एकच देव, असा राजाचा हुकूम होता. पहिबने "एक" म्हटलं की त्यावर पुजारीसुद्धा पुन्हा हात लावत नसे.

असा माणूस घरात कसा असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. पहिब भाकरी मोडून आत बघायचा आणि मगच तोंडात घालायचा. बिअरचं मडकं कानाशी नेऊन हलवायचा. मासळीवाल्या बायका त्याला लांबून येताना बघून टोपलीवर ओलं फडकं टाकत. "याच्या आईने याला दूध पाजलं ना," त्यातली एक म्हणायची, "तेव्हाही मेल्याने आधी हुंगून घेतलं असेल." बायको वारली तेव्हा लेप लावणाऱ्यांच्या दाराशी तो सत्तर दिवस ठाण मांडून होता, का, तर आपल्या बायकोची राळ दुसऱ्या कुणाला लावतील म्हणून. राजालाही त्याने सोडलं नव्हतं. राजा म्हणजे जमिनीवर चालणारा होरस, देवांना जे जे वाहिलं जातं ते त्याच्याच नावाने, पुजारी हरखेब प्रत्येक मडक्यावर म्हणायचा, "राजा हे देतो." पहिब पुटपुटायचा, "देतो म्हणे. इकडे कधी फिरकलाय का? देव आहे तर यंदा नदीला पूर का नाही आणला त्याने?"

"हळू बोल रे बाबा," हरखेब म्हणायचा. "तुझ्याबरोबर मलाही खाणीत दगड फोडायला लावशील."

पण गंमत अशी की त्याचा संशय खरा ठरायचा. वर्षाला दोनतीन लबाड त्याने पकडलेच होते. नवसाला लोक लांबून यायचे, पक्षी कमी पडायचे, आणि बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी बोरूच्या काड्यांवर चार पिसं चिकटवून झकास गाठोडं बांधायचा. पहिबच्या हाताला ते लगेच कळायचं. नियम साधा होता. शंका आली तर चिरायचं. आत पक्षी नसला तर बांधणारा कोठडीत. पक्षी निघाला तर दोष कुणाचाच नाही, पण चिरलेलं गाठोडं देव घेत नाही. ते खड्ड्यात जायचं, आणि तो नवस पुढच्या पुरापर्यंत पुन्हा बोलता येत नसे.

त्याचा हात फक्त एकदा चुकला होता. तळ्याकाठच्या गावाहून एक विधवा आली होती, मुलाची दृष्टी चालली होती म्हणून. गाठोडं हलकं लागलं, पहिबने चिरलं, आत पक्षी होता. म्हातारा, उपाशी मेलेला, म्हणून हलका. बाई उभीच राहिली. "मग आता मी काय करू, दादा?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी ये," पहिब म्हणाला. "नियम आहे."

पुढच्या वर्षी ती आली नाही. पहिबनेही तिचा फारसा विचार केला नाही.

त्याला एकच मुलगी, तावेस. तिची दोन बाळं जन्मतःच गेली होती. तिसऱ्या खेपेला नववा महिना लागला तशी ती थोथला नवस बोलली: सगळं नीट होऊ दे, तुझा एक जीव मी स्वच्छ पट्ट्यांत गुंडाळून तुझ्या घरी पोचवते. गाठोडं बांधायला परका माणूस शोधायची गरज नव्हती. तिचा नवरा हेरियु याच अंगणात पक्षी बांधायचा, आणि त्याच्याइतकी सुबक, जाळीदार वीण दुसऱ्या कुणाला जमत नसे.

हेच पहिबच्या डोक्यात बसलं. जे वरून इतकं देखणं, ते आतून कसं असेल? शिवाय जावई डावखुरा. डावखुऱ्या माणसाची गाठ कुठून निघून कुठे जाते ते बघणाऱ्याला कळत नाही. त्यात यंदा पूर नाही, तळं आटलेलं, पक्ष्यांना खाऊ घालून मेलेले गोळा करणारे रिकाम्या हाताने परतत होते, तरी हेरियुला म्हणे पक्षी मिळाला! कुठून मिळाला? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते गाठोडं त्याने अंगणात बांधलं नाही. घरी नेलं, दार लावून घेतलं.

"दार कशाला लावलंस?" पहिबने विचारलं.

"वारा येतो, मामा. पट्ट्या उडतात."

"चाळीस वर्षं मी वाऱ्यात बसतोय. माझी एक पट्टी उडाली नाही."

"तुमच्यासमोर उडायची छाती कुणाची आहे?" हेरियु हसला. पण हसताना त्याने नजर खाली वळवली, आणि पहिबने ते बरोबर टिपलं.

पुरायच्या आदल्या दिवशी सकाळी हरखेबने सगळ्या गाठोड्यांवर मंत्र म्हटले. त्यानंतर मिरवणुकीपर्यंत ती पहिबच्या ताब्यात, कोठारात. तावेस पोट सावरत तिथवर चढून आली. सोबत बापासाठी कांदे आणि खारवलेली मासळी.

"आबा, माझं उचलून बघितलंत?"

"उद्या बघायचंच आहे."

"आज बघा ना. तुमच्या तोंडून ऐकलं की मला झोप लागेल."

त्याने उचललं. आणि हाताने सांगितलं की काहीतरी चुकतंय. वजन होतं, पण खालच्या बाजूला गोळा झालेलं, आणि आत काहीतरी कडक, गोल, पक्ष्याला जे नसतं ते. मातीचा गोळा! काड्यांना वजन यावं म्हणून घातलेला मातीचा गोळा! पहिबच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसरा कुणी बाप असता तर म्हणाला असता, छान आहे गं, जा, झोप. पहिब म्हणाला, "उद्या बघू." तावेसचा चेहरा उतरला. ती उतार उतरून गेली, आणि तिची पावलं किती जपून पडताहेत ते तो बघत राहिला.

चारचौघांत चिरावं तर जावई कोठडीत, आणि मुलगी आज ना उद्या बाळंत होणार. न चिरावं तर देवाच्या दारात काड्या आणि माती, आणि तिसरं बाळही तसंच जायचं. पहिबने ठरवलं, गुपचूप बघायचं. खोटं गाठोडं म्हणजे देव नव्हेच, ते चिरलं तर नवस मोडत नाही. आपण खाऱ्या मिठात ठेवलेला एक पक्षी आहे, तो बांधायचा, संध्याकाळी हरखेबकडून मंत्र म्हणून घ्यायचे, आणि जावयाला नंतर एकट्यात गाठायचं. आत पक्षी निघाला तर काय, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. गोळा हाताला लागला होता ना!

भर दुपारी अंगण झोपलं होतं. खाली देवाच्या आपीस बैलाच्या गोठ्यातून त्याला खजूर भरवणाऱ्यांचं गाणं तेवढं ऐकू येत होतं. पहिबने कोठाराचं दार लावून घेतलं आणि पातं चालवलं.

पहिल्यांदा वास आला. राळेचा, खरा, भरपूर. मग पिसं. मग दुमडलेली मान, विळ्यासारखी चोच. पूर्ण पक्षी होता. त्याचा उजवा पाय वाकडा जुळलेला होता, आणि तो पाय पहिबने ओळखला. तावेस लहान असताना तिने या पायाला काडी बांधली होती. ती लंगडी शराटी मादी किती वर्षं तिच्या मागेमागे अंगणात फिरायची. मरून पडलेली हेरियुला सापडली असणार, आणि त्याने बायकोला सांगितलं नसणार, या दिवसांत रडायला नको म्हणून.

आणि छातीशी, दोन पंखांच्या मध्ये, ते गोल, कडक. अंडं. शराटीचंच, निळ्या कापडात गुंडाळलेलं. कापडही त्याच्या ओळखीचं होतं. दुसऱ्या बाळासाठी तावेसने विणलेलं, कधी न वापरलेलं.

म्हणून दार लावलं होतं. एका मडक्यात एकच देव, आणि या पोराने आईच्या छातीशी पिल्लू ठेवलं होतं. अंड्याला देव म्हणायचं की नुसती देवाची आशा, ते हरखेबलाही सांगता आलं नसतं. पण पहिबसमोर ते पकडलं जाईल अशी हेरियुला भीती वाटली होती.

पहिबने पातं खाली ठेवलं. त्याच्या हातून गेलेल्या हजारो गाठोड्यांत याच्याइतकं खरं दुसरं नव्हतं, आणि ते त्याने चिरलं होतं. पुढच्या पुरापर्यंत नवस नाही. बाळ तर या महिन्यात येणार. मग आता मी काय करू, दादा? ते शब्द त्याला त्या विधवेच्याच आवाजात ऐकू आले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो कामावर रडला.

मग त्याने अंडं होतं तिथे ठेवलं, पंख मिटले आणि पट्ट्या पुन्हा गुंडाळायला घेतल्या. तरुणपणी तो बांधायचाच. बोटं विसरली नव्हती. ऊन कलेपर्यंत जाळी तयार झाली. उचलून बघितलं तर वजन तेच.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक भुयाराशी आली. पहिब एकेक गाठोडं उचलत होता, म्हणत होता, पुढे देत होता. समोर मडकी धरायला हेरियु होता. गर्दीत पुढेच, दोन बायकांच्या आधाराने, तावेस. तिचं गाठोडं त्याच्या तळव्यांवर आलं. हेरियुची नजर जाळीवर गेली आणि तिथेच थांबली.

पहिब बोलेना. हरखेब खाकरला. "पहिब? शंका आहे का?"

तावेसने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"एक," पहिब म्हणाला. इतक्या मोठ्याने, की मागचे लोक हसले.

"राजा हे देतो," हरखेब म्हणाला. हेरियुने गाठोडं मडक्यात ठेवलं, मातीने तोंड बंद केलं, आणि मडकं अंधारात गेलं.

उतरताना जावई त्याच्या बरोबरीने चालत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, मी डावखुरा आहे. माझी जाळी डावीकडून चढते. ती उजवीकडून चढली होती."

पहिबने त्याचा दंड धरला. "तिला सांगणार?"

"नाही," हेरियु म्हणाला. "आणि तुम्हीही सांगायचं नाही." त्यानंतर तो पुन्हा कधी त्या विषयावर बोलला नाही, आणि सासऱ्याची थट्टाही त्याने परत केली नाही.

मिरवणुकीनंतर नवव्या दिवशी मुलगा झाला. रडला, चांगला खणखणीत रडला. त्याचं नाव थोतोर्तैस ठेवलं, म्हणजे थोथनेच दिलेला. तावेस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आबांच्या हाताने एक म्हटलं होतं. मला कसली भीती?"

पहिबने काम सोडलं. हात थकले म्हणाला, लोकांना पटलं. आता तो भाकरी न मोडता खातो, मासळी मिळेल ती घेतो. बायकांना वाटतं म्हातारा निवळला. तसं काही नाही. जगावरचा सगळा संशय गोळा होऊन एका जागी येऊन बसलाय. पोराला खोकला झाला की पहिब उठून बसतो. ताप आला की दारातून आत जायला धजत नाही. दरवर्षी नवसाच्या दिवसांत तो भुयाराच्या वाटेवर बसतो आणि तळ्याकडून येणाऱ्या बायकांचे चेहरे बघतो. ती विधवा त्यांत कधी नसते.

पोरगं आता सहा वर्षांचं आहे. घरात ऐकून ऐकून त्याने एक खेळ काढलाय. धावत येतं, आजोबांसमोर हात पसरून उभं राहतं. "आबा, मला उचला ना. उचलून सांगा."

पहिब उचलतो. तळव्यांना ऊन, जड, वळवळणारं, खरंखुरं वजन लागतं. पोरगं वाट बघत असतं.

"एक," पहिब हळूच म्हणतो, वरच्या कुणी ऐकून तपासायला येऊ नये इतकं हळू.