दोन सर्व्हरांमध्ये फिरणारा अर्ज

अर्जदार: मी, तहसीलबाहेर बसणारा अर्जनवीस, शिक्षण आठवीपर्यंत, राहणार दारव्हा. पीडित: तांड्यावरची एक मुलगी, नर्सिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र मागणारी. साक्षीदार: तिचे वडील. घटनेचा दिनांक: सांगता येत नाही, कारण अर्ज कधी पोहोचला हेच कोणी सांगत नाही. नावे मुद्दाम लिहिली नाहीत; मुलीला पुन्हा त्याच खिडकीवर जायचे आहे.

यवतमाळच्या पडताळणी कार्यालयाने तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला ई-मेलने मागितला. कार्यालयाच्या भिंतीवरच्या फलकावरील पत्ता पाहून मी तो अर्जासोबत पाठवला. माझे आयुष्य रजिस्टर टपालात गेले. पत्ता चुकला तर पाकीट शेरा मारून परत येते. परत आले नाही म्हणजे पोहोचले. ई-मेल परत आली नाही. उत्तरही येईना, तेव्हा शिरस्त्याप्रमाणे स्मरणपत्र धाडले, मग दुसरे, तिसरे, प्रत्येकास दाखला जोडून.

वडील म्हणाले, "भाऊ, तुमी नुसते धाडूनच राह्यले. कोनी वाचून राह्यलं का?"

आम्ही तिघे यवतमाळला गेलो. तिथल्या संगणक विभागाच्या साहेबांनी बराच वेळ शोधले.

"हा पत्ता तर बंद झाला, काका."

"मंग मेल परत काहून नाही आली?" मी विचारले.

"आमचा सर्व्हर अनोळखी पत्ता नाकारत नाही, तालुक्याकडे ढकलते. तालुक्याचा म्हणते, हे जिल्ह्याचं, अन् इकडंच पाठवते. तुमचा अर्ज फिरूनच राह्यला, स्मरणपत्रांसकट. त्यात बाकीच्यांचं टपालही तुंबलं."

"म्हणजे दारव्हा-यवतमाळ गाडीत बसला अन् कुठंच उतरला नाही," वडील म्हणाले. हसले मात्र नाहीत.

खिडकीवर छापील दाखला पुढे केला. "मेल करा," उत्तर आले. प्रवेशाची मुदत उद्या संपते. मुलगी बाकावर फाईल छातीशी धरून बसली होती. तिथेच, त्याच बाकावर, हा अर्ज लिहिला.

सबब विनंती की, सर्व्हरने पत्रावरचे मागील शिक्के, म्हणजे ते कुठून कुठून आले त्या नोंदी, तपासावेत. आपलाच शिक्का आधी असेल तर पुढे न ढकलता कारणासह परत करावे. नसलेला पत्ता दारातच नाकारावा. माझी पहिली ई-मेल आपल्या सर्व्हरवर आली तोच दाखल दिनांक धरून मुलीस मुदतीत समजावे. अर्ज समक्ष देत आहे. उत्तर लेखी आणि आजच मिळावे. तोवर आम्ही तिघे बाहेरच्या बाकावर बसलो आहोत.