रत्नाकरचं जागरण

दुर्गाघाटाच्या गल्लीत सकाळी घंटा वाजत नाही असं एकच घर होतं, आणि तेही भिक्षुकाचं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं नि अभिषेक करण्यात दत्तात्रेयशास्त्र्यांचा जन्म गेला. पण घरच्या देवांपुढे त्यांची घंटा मुकी. तिच्या लोलकाला त्यांनी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. कोणी विचारलं की म्हणायचे, "रत्नाकर रातभर ड्यूटीवर असतो. आत्ता कुठे डोळा लागला असेल. देवांचं काय, त्यांना सगळं ऐकू येतं."

रत्नाकर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचे डेटाबेस सांभाळायचा. शेकडो शाळांची हजेरी नि निकाल त्यांत होते. एके काळी ही ड्यूटी खरोखर जीवघेणी होती. रात्री-अपरात्री फोन खणखणायचा, डेटाबेस कोसळलेला असायचा, आणि रत्नाकर शाल पांघरून उजाडेपर्यंत तो उभा करत बसायचा. पौषातल्या एका सकाळी शास्त्रीबुवांनी त्याला लॅपटॉपवर मान टाकून झोपलेला पाहिलं. चिंधी त्याच दिवशी बांधली गेली.

पुढे कंपनीने सगळे डेटाबेस कंटेनरमध्ये हलवले. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान यांची एकत्र बांधलेली शिदोरी. कुठल्याही मशीनवर नेऊन सोडावी. कुठली शिदोरी कुठे सोडायची हे कुबरनेटिस नावाची व्यवस्था बघते. त्या व्यवस्थेवर रत्नाकरने एक ऑपरेटर बसवला. हा ऑपरेटर माणूस नव्हे बरं का. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही फुकट घ्यावं, उघडून वाचावं, सुधारावं असं ते मुक्त सॉफ्टवेअर. मुख्य डेटाबेस पडला तर ते त्याच्या ताज्या प्रतीला मुख्य करतं, कमी पडलेली प्रत नवी उभी करतं, बॅकअप घेतं, आणि हे सगळं करताना माणसाला उठवत नाही. घेतलेला बॅकअप खरंच उघडतो का, हे तपासण्याची सोय रत्नाकरने स्वतः लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली केली. कंपनीने कौतुक केलं. रात्रीची ड्यूटी बंद झाली. सकाळी उठून एकदा नजर टाकली की काम झालं.

घरी मात्र तो हे बोलला नाही.

आधी वाटलं, महिनाभर बघू, उगाच बोभाटा नको. महिना सरला आणि सुख अंगवळणी पडलं. उशिरापर्यंत लोळावं, उठावं तो चहा आयता. दूधवालासुद्धा खिडकीखाली हाक न मारता दूध ठेवून जाई. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. या पठ्ठ्याने सोंग घेतलं होतं जागरणाचं, आणि सारं घर त्याच्यासाठी पाय न वाजवता चालत होतं.

त्यातच शास्त्रीबुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर वेळच्या वेळी औषधाचे थेंब घालायला घरात कोणीतरी हवं, असं डॉक्टर म्हणाले. रत्नाकरची बायको सुनीती बँकेत. तिला एवढी रजा मिळेना. रात्री जेवताना शास्त्रीबुवांनीच निकाल लावला.

"रत्नाकरला दिवसा झोपायलाच फुरसत नाही, तो माझे थेंब कुठे बघत बसेल? पुढच्या वर्षी करू. जल्दी काय आहे?"

रत्नाकर समोरच बसला होता. एका वाक्याचं काम होतं. त्याने आमटी वाढून घेतली.

एक दिवाळी गेली, दुसरी गेली. शास्त्रीबुवा घाटाच्या पायऱ्या काठीने चाचपत उतरू लागले. सकाळी ती काठी वाजली की रत्नाकर कूस बदलायचा. चोराच्या मनात चांदणं. त्याला स्वतःची शरम वाटे, आणि शरम वाटे म्हणून तो आणखी गप्प बसे.

एका सकाळी बँकेत निघण्याआधी सुनीती वर आली आणि खाटेपाशी उभी राहिली.

"बाबांनी आज पळी ताम्हनाबाहेर रिकामी केली. मी पुसून घेतलं, त्यांना सांगितलं नाही. काल डॉक्टरांना दाखवून आणलं. मोतिया फार पिकलाय, डाव्या डोळ्यात प्रेशर वाढलंय. तो डोळा केव्हापासून ठणकतोय म्हणे, पण तुम्हाला सांगू नको म्हणाले."

रत्नाकर उठून बसला.

"तुमचा फोन रात्री शेवटचा केव्हा वाजला हो?"

त्याने उशाशी असलेला फोन पालथा घातला.

"मी तुमच्या शेजारी झोपते," सुनीती म्हणाली. "मला कान आहेत. तुम्हीच सांगाल म्हणून वाट बघत होते. मीसुद्धा फार वाट बघितली."

ती गेली. रत्नाकर खाली देवघरात आला. शास्त्रीबुवा परडीत बोटांनी फुलं शोधत होते. त्याने घंटा उचलली आणि चिंधी सोडवू लागला. गाठ घट्ट बसली होती. सुटता सुटता घंटा किणकिणली.

शास्त्रीबुवांनी हात वर केला. "कोण आहे? ठेव ती खाली. रत्नाकर झोपलाय."

"बाबा, मीच आहे."

"इतक्यात उठलास?" ते घाबरले. "मशीन बिघडलं का? तू जा वर. माझी परवाह करू नकोस."

"मशीन आपलं आपण सांभाळतं, बाबा. मला जागावं लागत नाही. दोन वर्षं झाली. मी सांगितलं नाही."

शास्त्रीबुवांनी चाचपून पळी उचलली. त्यांनी रागवावं, हातातली पळी फेकून मारावी, असं रत्नाकरला फार वाटत होतं.

"म्हणजे रात्री झोपतोस तू?"

"हो."

"पुरी झोप?"

"हो, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांचे खांदे सैल पडले. "घोर लागला होता रे मला. माझे डोळे गेले तर जाऊ देत, पण या पोराच्या डोळ्याला डोळा लागू दे, हेच रोज मागत होतो इथे."

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला लख्ख दिसू लागलं. डाव्याची नस सुकली होती. आधी आला असतात तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. थेंब रत्नाकर घालायचा, एकही वेळ न चुकवता. घरात कोणी त्याला शब्दाने दुखवलं नाही, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर शास्त्रीबुवा पुन्हा पूजेला बसले. रत्नाकर अंघोळ करून मागे उभा होता. चिंधी गेलेली घंटा त्यांनी उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिली, मग मान वळवून मुलाकडे पाहिलं.

"आता जोरात वाजवा, बाबा," रत्नाकर म्हणाला.

त्यांनी मान डोलावली आणि घंटा वाजवली. पण हाताला सवय झाली होती. मागे उभ्या असलेल्या रत्नाकरलासुद्धा ती जेमतेम ऐकू आली.