चार विषय आणि पोतंभर खार

परदेशी शिकायला निघालेली पोरंपोरी मला सारखं विचारतात, "आजी, तिथले विषय कसे निवडायचे?" त्यांना वाटतं, माझ्याकडे काहीतरी युक्ती आहे. युक्तीबिक्ती काही नाही रे बाबांनो! मी माझे विषय एसटीत बसून, बुलढाणा जिल्हाभर हिंडून निवडले, आणि तेही आधी चुकीचे निवडून. त्याच प्रवासाची ही हकिकत. त्या बाजूला जायचं असेल तर रस्त्याचीही माहिती होईल.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. आमच्या कॉलेजातून एका विद्यार्थ्याला वर्षभरासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठात पाठवायचं ठरलं आणि नाव निघालं माझं. वरवट बकालच्या शेतकऱ्याच्या पोरीचं! तिकडून विषयांचं पुस्तक आलं, उशीएवढं जाड. त्यातले चार विषय फॉर्मवर लिहायचे, खाली वडिलांची सही घ्यायची आणि शनिवारच्या टपालात फॉर्म टाकायचा. सही नाही तर जाणं नाही. "घरी जाऊन ये," सर म्हणाले, "आणि विषय पेन्सिलीनं लिही. तुझा धांदरटपणा मला ठाऊक आहे."

मंगळवारी निघाले. बुलढाण्याला तेव्हा रेल्वे नव्हती आणि आजही नाही, त्यामुळे मलकापूरला उतरून एसटी धरायची. राजूरचा घाट चढायला लागलं की हवा बदलते. थंडीचे दिवस असतील तर शाल हाताशी ठेवा, मी पेटीत ठेवली होती आणि घाटभर कुडकुडले. बुलढाण्यात थांबायचं कारण म्हणजे मामा. ते कोर्टात कारकून होते आणि माझ्या कागदांच्या खऱ्या नकला त्यांच्याकडून करून घ्यायच्या होत्या. घरातल्या मोठ्या माणसांत इंग्रजी वाचणारे तेवढेच.

मामांनी चष्मा पुसून पुस्तक चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "हे पाय, गृहविज्ञान. सैपाक, शिवण, लेकरायची निगा. हेच घे."

"मामा, सैपाक शिकाले अमेरिकेत जाऊ?"

आतून मामी ओरडली, "जाऊ द्या ना तिले! इथं तं काही शिकली नाही!"

माझे चार विषय मात्र मी गाडीतच लिहून टाकले होते. सुगंधी द्रव्यांचं रसायन, रंगांचं रसायन, काच आणि छायाचित्रण. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीकडे अत्तराची निळी शिशी होती, तिचं झाकण उघडलं की अख्खी खोली घमघमायची. मलाही तसलं काहीतरी करायचं होतं. त्या पुस्तकात 'खारवट जमिनींचं रसायन' असंही एक पान होतं. ते वाचून मला जांभई आली होती, खोटं कशाला बोलू?

बुधवारी चिखली, मेहकर करत लोणार. मेहकरच्या स्टँडवर गरमागरम भजी आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या, त्या तिखटानं लोणार येईपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोणारला माझी ताई दिलेली होती. संध्याकाळी ती मला सरोवर दाखवायला घेऊन गेली. कड्यावरून खाली बघितलं आणि माझ्या तोंडून नुसतं "अगं बाई!" निघालं. एवढा मोठा गोल खड्डा, आणि तळाशी हिरवंगार पाणी. वर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते आणि खाली सरोवराच्या पाण्यानं जीभ पोळते. त्या काळी काठावर पांढरा खार साचायचा आणि बायका तो पापडात घालायच्या, कपड्यांना लावायच्या. आता तिथलं काही उचलायचं नाही, नुसतं बघायचं. पायांत चांगल्या चपला घाला, उतार निसरडा आहे.

निघताना ताईनं खाराची पुरचुंडी हातात दिली. "मायले दे. चिमूटभर टाकल्याबिगर आपल्या विहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाही. आन् बाबाले इचार, मांगच्या साली पोतंभर खार कायले मागतला होता? साऱ्या गावाचे पापड करून राह्यले का?"

पोतंभर? बाबांनी घरात कधी पापड लाटलेला मी पाहिला नव्हता.

गुरुवारचा दिवस प्रवासातच गेला. मेहकर, खामगाव, शेगाव, मग पूर्णा ओलांडून बैलगाडीनं वरवट बकाल, आमचं गाव. हा आमचा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, विहिरी भरलेल्या, पण पाणी खारं. पाहुण्यानं पहिला घोट घेतला की त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. तुम्ही जाल तर पाणी सोबत न्या.

जेवण झाल्यावर फॉर्म बाबांपुढे ठेवला. त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "सई करतो. पन शिकून काय येशील, थे सांग."

"अत्तर कसं करतात ते."

"अत्तर?"

"हाव."

"बरं," म्हणाले, आणि पेन खाली ठेवून दिलं.

मला असा राग आला! "मंग काय शिकू? औत हाकाचं?" असं बोलून गेले. बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले. मी मायजवळ फणफणत होते, मध्येच पोत्याचं आठवलं आणि विचारलं. मायनं हातातली पळी तशीच ठेवली. "त्याईले इचारू नको वं. लय लागलं त्याईच्या मनाले."

सकाळी बाबांनीच हाक मारली. "चाल, वावरात जाऊ." विहिरीजवळचा मिरचीचा तुकडा, जिथे मी लहानपणी मिरच्या तोडून हात जाळून घ्यायची, तो ओळखूच येईना. माती फरशीसारखी टणक, वर पांढरट पापुद्रा, खळग्यात पाणी साचलेलं. ते मुरतच नव्हतं.

"तुई माय चिमूटभर खार टाकते तं डाळ नरम होते," बाबा माझ्याकडे न बघता बोलले. "मी म्हनलं, डाळ नरम होते तं जमीन काऊन नाही होनार? पोतं मागोलं जावयाकडून, मोटेच्या पान्यासंगं पाटात सोडलं. महिन्याभरात सारी मिरची खलास. गावाले सांगतलं, बी खराब होतं."

मला हसूही येत होतं आणि रडूही. आमच्याच मुलखातल्या माणसाला सुचेल असा तो इलाज होता! मग त्यांनी विचारलं, "तुया पुस्तकात हे हाय का? डाळीले चालते थे जमिनीले काऊन नाही चालत?"

मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला उत्तर येत नव्हतं. तशी शरम मला पुढे परीक्षेतसुद्धा कधी वाटली नाही.

घरी येऊन ते जांभईचं पान काढलं, बाबांना एकेक ओळ मराठीत करून सांगितली. मातीतले खार, पाण्यातले खार, बिघडलेली जमीन सुधारणं. "बास," ते म्हणाले, "हेच." अत्तर खोडताना रबरानं कागद भोकाला आला, पण त्याच जागी नवा विषय लिहिला. बाकीचे तीन तसेच ठेवले, इतकी काही मी साध्वी नव्हते. बाबांनी एकेक अक्षर जोडत सही केली. शनिवारी शेगावच्या टपाल कचेरीत फॉर्म टाकला आणि पोटभर जिलबी खाल्ली.

अमेरिकेत त्या विषयानं माझा घाम काढला. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. खारातला जो सोडा डाळ मऊ करतो, तोच काळ्या मातीचे कण विस्कटून तिचा गारा करतो, आणि गारा वाळला की फरशी. त्यावर जिप्सम नावाच्या खनिजाची पूड टाकायची, म्हणजे सोडा मातीपासून सुटतो, बांध घालून पावसाचं गोडं पाणी मुरवायचं, म्हणजे तो खाली वाहून जातो, आणि धीर धरायचा.

वर्षानं परतले तर तो तुकडा तसाच. बाबांनी त्यात नांगर घातला नव्हता की बी टाकलं नव्हतं. शेजारी हसायचे, तर बाबा म्हणायचे, "हात नका लावू. पोरीची परीक्षा हाय थे." मायसाठी मी अत्तराची शिशी आणली होती. तिनं ती खाराच्या डब्याशेजारी ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवली, उघडली मात्र कधीच नाही.

मी जिप्सम टाकलं, बांध घातले, आणि त्या परीक्षेला तीन पावसाळे लागले. त्या मधल्या वर्षांत किती वेळा वाटलं, गेलं आता, नापास! चौथ्या हिवाळ्यात तिथे हरभरा उभा राहिला. फार दाट नव्हता, पण गुडघ्याशी लागत होता. गावातले चारसहा जण बांधावर बघायला आले. त्यातला एक जण म्हणाला, "यंदा बी चांगलं भेटलं वाटते?"

बाबांनी मूठभर माती उचलली आणि हातानं चुरली. "बी तवाही चांगलंच होतं, भाऊ," ते म्हणाले. "खार मीच टाकला होता. पोरीनं काढला."