बेडकाच्या डोक्यावरची पट्टी

गेले तीन आठवडे आमच्या घरात दिवसाला चाळीस मारामाऱ्या होतायत आणि एकीचाही निकाल लागत नाही. हे पलंगावर, उजवा पाय प्लास्टरमध्ये, हातात लेकीचा जुना व्हिडिओ गेम. सव्वीस वर्षं बॉक्सिंगचे पंच होते, दोन आडदांड माणसांच्या मधे उभे राहिले, कधी साधं खरचटलं नाही. आणि बल्ब बदलताना स्टुलावरून पडले. मी सांगत होते, स्टूल डुगडुगतंय. माझं ऐकतील तर ना.

गेम राक्षसांचा आहे. राक्षस आपला नावाला. ह्यांच्या वाट्याला आलाय हिरवा बेडूक, कान वटवाघळासारखे. तो पाणी थुंकतो. समोरचा आगीचा असला की बेडूक भारी, गवताचा असला की बेडकाची दाणादाण. आता गवत पाण्याला कसं मारतं, हे लेकीनं मला फोनवर दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी ‘बरं’ म्हटलं. डोक्यात काडीचंही शिरलं नाही.

ह्यांची सवय जुनी, सामना झाला की वहीत दोन रकाने, गुण आणि दोष. गेमचंही तेच चाललं होतं. गुणांमध्ये पहिलंच लिहिलं होतं : डोक्यावर पट्टी. बेडकाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. मार बसला की ती आखडते, पिवळी होते, मग लाल. किती जीव उरलाय ते बसल्याजागी दिसतं. दोषांमध्ये पहिलं, खाली दोन रेघा मारून : पंच नाही.

आणि खेळायची तऱ्हा कशी, तर पट्टी अर्ध्यावर आली की बेडूक मागे. ‘तुम्ही पळून आलात’ असं पडद्यावर येतं. बिचारा बेडूक तीन आठवड्यांत एकदाही जिंकला नाही, आणि जिंकल्याशिवाय वाढत नाही म्हणे, म्हणून पहिल्या दिवशी होता तेवढाच राहिला.

“बाबा, पडला तर पडू द्या,” लेक फोनवर म्हणाली. “दवाखान्यात नेला की परत टुणटुणीत.”

“लगेच?”

“लगेच.”

ह्यांनी फोन ठेवला आणि दोषांत लिहिलं : सगळे उठतात. हा दोष कसा, मी विचारलं. ह्यांनी कूस बदलली.

खरं म्हणजे मला विचारायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात डावऱ्या खेळत होता. डाव्या हातानं मारायचा म्हणून डावऱ्या. ह्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. शेवटच्या फेरीत त्याचे पाय लटपटले. ह्यांनी खेळ थांबवून नियमाप्रमाणे आठपर्यंत मोजलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, जमेल का. तो म्हणाला, “अजून आहे माझ्यात.” ह्यांनी हातानं खूण केली, चालू. पुढच्याच ठोशाला तो पडला. बावीस दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून त्याचा डावा हात थरथरतो, आणि शब्द तोंडाशी यायला वेळ लागतो. त्या दिवसानंतर हे रिंगमध्ये चढले नाहीत.

आता बॉक्सिंग मंडळाच्या सेक्रेटरीनं पिच्छा पुरवला होता. दोन महिन्यांनी मुलींचा अंतिम सामना, पंच म्हणून तुम्हीच हवेत, शुक्रवारी संध्याकाळी फोन करतो, हो की नाही तेवढं सांगा. ह्यांना दोन्ही सांगता येईना. सकाळी ‘जातो’ म्हणायचे, जेवताना ‘कशाला’. मलाही कळेना काय सांगावं. गेले आणि पुन्हा तसंच झालं तर हे घरात नुसते वावरतील. नाही गेले तरी वावरतातच की.

दर शुक्रवारी पाचला डावऱ्या येतो. लाँड्रीत कामाला आहे, आमच्या चादरी तोच आणतो. गेली नऊ वर्षं शुक्रवारी पाचला हे आंघोळीला जातात. हे पडले तेव्हापासून लाँड्री बंद होती, ती ह्या शुक्रवारी उघडली. आता प्लास्टर. कुठे जाणार?

डावऱ्यानं चादरी खुर्चीवर ठेवल्या. ह्यांना समोर बघून तो जरा गोंधळला. मग गेम दिसला. “बघू?” म्हणाला. ह्यांनी पुढे केला.

डावऱ्या खेळू लागला. समोर गवतवाला. बेडकाची पट्टी पिवळी झाली, मग लाल.

“मागे घे त्याला,” हे म्हणाले.

“अजून आहे... त्याच्यात.”

मी चहा टाकायला उठले होते, ती तशीच उभी राहिले. ह्यांची नजर गेमवर नव्हती, डावऱ्याच्या तोंडावर होती.

“त्या दिवशी मी थांबवायला हवं होतं,” हे म्हणाले. “माझं चुकलं.”

डावऱ्या बटणं दाबायचा थांबला. “मला त्या दिवसाचं काही... आठवत नाही, सर. सकाळी बूट बांधले, तेवढंच. तुम्हाला विचारावं म्हणून येतो... तर तुम्ही आंघोळीला.”

मग ह्यांनी सगळं सांगितलं, फेरी फेरीनं, आठ आकड्यांसकट. सांगताना रडले. डावऱ्यानं ऐकून घेतलं.

“मी जिंकत होतो?”

“हो. चांगला पुढे होतास.”

“आणि पट्टी... किती होती माझी?”

“दिसत नव्हती रे,” हे म्हणाले. “मला दिसलीच नाही.”

डावऱ्यानं मान हलवली. थरथरत्या अंगठ्यानं एक बटण दाबलं आणि बेडूक मागे घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. सेक्रेटरी असणार. तो दाराजवळच्या टेबलावर. ह्यांना उठता येईना. मी पोचायच्या आत डावऱ्यानं उचलला. ऐकलं, ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या तोंडावर ना हो होतं, ना नाही.

“येतील,” डावऱ्या फोनमध्ये म्हणाला. “मी आणतो त्यांना.”