रिकाम्या मजल्याची हरकत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण हा किस्सा शेवटपर्यंत हसण्यावारी राहत नाही. चहा मात्र गार होऊ देऊ नका. तर मी नगरपालिकेशी भांडलो आणि जिंकलो. हो, जिंकलो! आणि असा जिंकलो की घरात मान वर करायची सोय उरली नाही.

पनवेलची महापालिका व्हायची होती, तेव्हाची गोष्ट. घरपट्टीची नवी आकारणी झाली आणि आम्हाला नोटीस आली. खाली आम्ही दोघं, मी आणि माझी बायको सुलू. आणि वरचा मजला म्हणे भाड्याने दिलेला! अहो, कसलं भाडं? वरचा मजला आम्ही मंदारसाठी बांधला, आमच्या एकुलत्या एका मुलासाठी. उद्या लग्न झालं की राजाराणीला मोकळं राहता यावं म्हणून वेगळा जिना, वेगळा ओटा. मंदार गेला कॅनडाला. पालिकेच्या माणसाने दोन जिने पाहिले, दोन ओटे पाहिले आणि ठोकला भाडेकरू! आणि भाडेकरू म्हटला की पट्टी कुठल्या कुठे जाते.

आता माझा स्वभाव तुम्ही ओळखताच. तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर्स सांभाळलं, एक नट-बोल्ट कुणाला फुकट सोडला नाही. वाद म्हटला की मला भूक लागते! नोटिशीतच लिहिलं होतं, मुदतीत लेखी हरकत घ्या, मग जागेची पाहणी, मग सुनावणी. शेजारचे नाईक म्हणाले, "मजला स्वतःच्या वापरात आहे, एवढंच लिहा. काम होईल."

एवढंच? छे! मी नियम विचारून आलो होतो. जागा रिकामी पडून असेल तर आणखी सूट! मी ठणकावून लिहिलं, वरचा मजला पूर्ण रिकामा आहे, तिथे चिटपाखरूसुद्धा फिरकत नाही.

पाहणीला म्हात्रे नावाचे कारकून आले. उरणकडचा मोकळाढाकळा माणूस. मी किल्ली घेऊन पुढे. गुडघ्यांमुळे कित्येक महिन्यांत मी वर चढलो नव्हतो. दार उघडलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

पलंगावर स्वच्छ चादर, ताणून घातलेली. माठात पाणी. दारात पुरुषी चपला, पुसून ठेवलेल्या. गॅलरीत दोरीवर दोन शर्ट, आणि तेही ओले!

"काका," म्हात्रे म्हणाले, "तुमचं चिटपाखरू शर्ट घालतं वाटतं."

"अहो, ते... ते माझेच!"

"तुमचं पोट मावल काय यात?"

चोरी न करता चोर ठरलो की हो! तेवढ्यात सुलू चहा घेऊन वर आली. म्हात्र्यांनी तिलाच विचारलं, "काकू, इथं कोन राहतं?"

"आमचा मंदार," सुलू सहज म्हणाली.

"मुलगा ना? मंग झालं की! भाडेकरू नाय, स्वतःचा वापर. काका, करा सही."

बघा, ताट वाढून समोर आलं होतं. शहाण्या माणसाने सही केली असती, चहा प्यायला असता. पण माझी ती जादा सूट बुडत होती ना! वर मी खोटा पडत होतो, ते वेगळंच.

"राहतो काय राहतो?" मी ओरडलो. "तो कॅनडात आहे!"

"पण येणार आहे ना," सुलू म्हणाली. "पावसाळ्यात कपड्यांना बुरशी धरते, म्हणून धुऊन ठेवते मी. दिवाळीला येतोय तो."

"येनार हाय म्हंजे राहतोच, काका. काय फरक पडतो?"

"फरक पडतो! तो येणार नाही! दिवाळीला नाही, कधीच नाही! तिकडे घर घेतलंय त्याने. मला स्वतः फोनवर म्हणाला, बाबा, आईला तुम्हीच सांगा. लिहा, रिकामा!"

बोलून गेलो आणि मग कळलं काय बोललो ते. कितीतरी दिवस ही गोष्ट मी पोटात ठेवली होती. सुलूला सांगायला शब्द सापडत नव्हते. सापडले ते कधी? तर घरपट्टीत सूट मिळवायला! असा गाढव कुठे पाहिलाय का हो तुम्ही?

सुलूने ट्रे ठेवला. "साखर कमी वाटली तर सांगा हं," म्हणाली आणि खाली गेली. म्हात्र्यांनी उभ्याउभ्या चहा संपवला, माझ्याकडे न बघता 'रिकामा' लिहिलं आणि निघाले.

सुनावणीत माझी हरकत मंजूर झाली. मी पेढे आणले! सुलूने हात लावला नाही. तिने वर जाणंच सोडलं. दोरीवरचा एक शर्ट वाऱ्याने नाईकांच्या अंगणात पडला. ते परत द्यायला आले तर म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडेच, कुणाला तरी होईल." मला रडू आवरेना. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो मी, खोटं कशाला सांगू?

मग पुन्हा पालिकेत गेलो. "म्हात्रे, तेवढं 'रिकामा' खोडा हो. मुलगा राहतो असं लिहा. पट्टी लागेल ती घ्या."

"काका, लोकं पट्टी कमी करायला रडतात, तुमी वाढवायला?" म्हात्रे हसले, मग माझा चेहरा बघून त्यांनी फाइल काढली. "आता आदेश झाला, माझ्या हातात नाय. बदलायचा तर जो राहतो त्याला साहेबांसमोर उभा करायला लागल. मुलाला घेऊन या."

घरी येऊन सुलूला सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती.

"सगळ्या जगाशी वाद घालता," ती म्हणाली. "येणार नाही म्हणाला तेव्हा त्याच्याशी घातलात?"

मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला होता.

मुकाट्याने फोन उचलला. पण तिकडे किती वाजले असतील, याचा काही मला हिशेब लागेना. शेवटी सुलूलाच विचारलं. घड्याळाकडे न बघता ती म्हणाली, "आत्ता नको. झोपलाय तो."