आधी साहेबांची तपासणी

माझं काम पुरुषांच्या वंध्यत्वावर. अंबाजोगाईच्या एका प्रयोगशाळेत मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शुक्रजंतू बघतो. वय अडतीस आणि लग्न झालेलं नाही. पोहता न येणाऱ्याने विहिरीवर पोहण्याची शिकवणी घ्यावी, तसला हा प्रकार. नातेवाईक माझी नोकरी सांगताना 'सरकारी लॅबमधी हाय' एवढंच सांगतात आणि घाईने पाण्यापावसाकडे वळतात.

अभ्यासाचा आराखडा मीच आखला होता. पहिली तपासणी दिवाळीच्या सुमारास आणि दुसरी तीन महिन्यांनी. इतका देखणा की मीच तो पुन्हा पुन्हा वाचायचो. फक्त एक राहून गेलं होतं. दिवाळीनंतर वडवणीकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. ज्यांना मी दुसऱ्यांदा बोलावणार होतो, ती माणसं तेव्हा दूर कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असणार होती. बीड जिल्ह्यात जन्मून ही चूक करायला खास शिक्षण लागतं. ते मी घेतलेलं होतं.

मग ट्रक निघायच्या आत मिळतील तेवढी माणसं गाठायला मी गावोगाव हिंडू लागलो. वडवणीजवळच्या एका गावात एक बाई रिपोर्टांची पिशवी घेऊन स्वतःहून आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. तिच्या सगळ्या तपासण्या झालेल्या, सगळ्या ठीक. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. सासूने ठरवलं होतं की यंदाच्या कोयत्यात नवी सून जाईल आणि ही मागे गावात राहील. मुलगीसुद्धा बघून झाली होती. नवरा हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता.

"माजं समदं बगून झालं," बाई म्हणाली. "आता ह्यांचं बगा. टरक जायच्या आत."

नवऱ्याला मी पारावर गाठलं आणि माझं ठरलेलं भाषण दिलं. यात लाज कसली, अगदी साधी तपासणी आहे, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सायेब, तुमी सवता केली का कदी?"

मी म्हणालो, मला गरज पडली नाही.

"मंग मला कावून? आदी तुमी करा, मंग मी."

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने अंबाजोगाईला आलो. ज्या खोलीच्या दारात उभं राहून मी रोज पुरुषांना 'घाबरू नका' सांगतो, त्या खोलीत मी पहिल्यांदा आतून कडी लावली. चांगलाच घाबरलो. बाहेर सफाईच्या मावशी बादली आपटत होत्या, आणि आपलं सगळं शिक्षण किती निरुपयोगी आहे हे मला तिथे कळलं.

दोन्ही नमुने मीच पाहिले. माझ्यात मोजकेच होते, तेही आळशी. त्याच्यात एकही नव्हता. पुन्हा पाहिलं, तेच.

त्याला बाजूला घेऊन सांगितलं. अजून तपासण्या कराव्या लागतील, उपाय असू शकतो, हेही सांगितलं. त्याने रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "आईला तुमीच सांगा. माज्यानं हुनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी गावात त्याच्या अंगणात मी बाजेवर बसलो. सासू समोर, तो दाराशी. आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता.

"दोष कुनात हाय?" सासूने थेट विचारलं.

त्याचा निकाल त्याने सांगायचा, मी नव्हे. एवढा नियम मला पाठ होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे बघत होता. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी माझंच सांगून टाकलं. म्हणालो, "मावशी, मी माझी तपासणी केली. माझ्यातच कमी निघालं. बाईमाणसाचा संबंधच नाही, तरी निघालं."

शेजारची बाई धुणं वाळत घालता घालता थांबली. वडवणी तालुक्यातलं माझं लग्नाचं खातं त्या दुपारी बंद झालं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मला हसू येत होतं आणि रडूही.

"अरं देवा," सासू म्हणाली. "दिसायला तर चांगला हायस की."

"आई," तो दाराशीच उभा राहून पुटपुटला. "माज्यातबी तेच हाय. तिच्यात काई न्हाई."

भाकरीचा आवाज थांबला. पिठाने भरलेल्या हातांनी बाई बाहेर आली आणि सासूसमोर, अंगणाच्या मधोमध उभी राहिली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मला आत ऐकू आलं न्हाई. परत म्हना. जरा मोट्यानं."

त्याने मान वर केली आणि मोठ्याने म्हटलं.